दोनशे ग्रेनचं पातं

क्लेम पेरोच्या दुकानातला तराजू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. पंधरा-साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. त्यामुळे आमच्याकडचे दोन-तीन डास पारड्यात बसले, तरी आकडा हलतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी त्यावर माझ्या बाणाचं नेहमीचं पातं ठेवलं. १००.४.

"शंभरचंच बसवू ना, डॉक्टरीणबाई?" क्लेमनं विचारलं. मी डॉक्टर नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत विहिरींचं पाणी तपासते. पण कॉलेजात चार वर्षं काढलेल्या कुणालाही क्लेम डॉक्टरच म्हणतो.

"नको. दोनशेचं दाखव."

"दोनशे? काय गं, घोड्याएवढं मूस हरीण मारायला निघालीस?"

"जरा बदल करून बघते."

"बदल म्हणजे पंचवीस ग्रेनचा. दुप्पट केलंस तर बाणाची दांडी हवेत गांडुळासारखी वळवळेल. तिच्यासाठी कडक दांडी घे, मग पिसं मोठी घे, मग धनुष्यावरच्या नेमाच्या खुणा पुन्हा लाव. माझं काही जात नाही, माझी विक्रीच होईल."

शेगडीजवळच्या बाकावर रेनो मामा कॉफी पीत बसले होते. माझ्या आईचे थोरले भाऊ. चौऱ्याहत्तर वर्षांचे, तरी आमच्या शिकारीच्या कॅम्पचे म्होरके. चाळीस वर्षांत एकही जखमी हरीण जंगलात सोडलं नाही, अशी त्यांची ख्याती आहे आणि ती त्यांना आवडते. त्यांनी कप खाली ठेवला.

"सायमी, मागच्या वर्षी तुझा बाण हरणाच्या पाठीवरून गेला होता ना?"

"हो."

"ज्याचा बाण पाठीवरून गेला तो माणूस डोळ्यांना शिव्या देतो, वाऱ्याला देतो, धनुष्य बनवणाऱ्याच्या आईला देतो. वजन मागत नाही." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "वजन कोण मागतं, क्लेम?"

"मला काय विचारता? मी दोन्ही विकतो."

"ज्याचं पातं हाडावर थांबलंय, तो मागतो."

क्लेम हसला. मीही हसल्यासारखं केलं. मामा उठले, टोपी घातली आणि दारापाशी थांबून म्हणाले, "काल संध्याकाळी दलदलीत हिरवा दिवा दिसला. चालत होता. हरणाच्या खांद्याएवढ्या उंचीवर."

"मामा, डोळे दाखवून घ्या एकदा," क्लेम म्हणाला.

मी पातं न घेताच घरी आले.

काय झालं होतं ते सरळ सांगते. मागच्या वर्षी सहा ऑक्टोबरला, दिवस मावळताना, दलदलीच्या कडेच्या मचाणावरून मी एका नरावर बाण सोडला. अंतर चोवीस यार्ड. तो माझ्याकडे थोडा तिरका उभा होता. अशा वेळी थांबायचं असतं. मी थांबले नाही. बाण डाव्या खांद्याच्या फऱ्यावर लागला आणि लाकडी दारावर थाप पडावी तसा आवाज आला. पातं शंभर ग्रेनचं, अख्खा बाण चारशे एक. बाण वेगात होता, पण हलका होता.

बाणाच्या शेपटाला, दोरी अडकते त्या खाचेत, मी हिरवा दिवा बसवलेला असतो. दोरी सुटली की तो लागतो आणि बाण कुठे गेला ते कळतं. तो दिवा नराच्या खांद्यापाशी वरखाली होत सीडरच्या झाडांत गेला. मी खाली उतरले आणि त्याच्या मागे गेले. दिवा थांबायचा. मी जवळ गेले की पुढे सरकायचा. असं अर्धा मैल. मग शेवाळाखालच्या पाण्यात मी मांडीपर्यंत गेले, घाबरले आणि मागे फिरले.

आमच्या कॅम्पचा नियम असा: ज्याला आपलं पातं लागलं, ते हरीण आपलं. सापडलं नाही तरी टॅगवरची, म्हणजे एका हरणापुरत्या परवान्याच्या चिठ्ठीवरची, तारीख चाकूनं कापायची आणि त्या वर्षापुरतं धनुष्य खुंटीला टांगायचं. कायदा असं काही सांगत नाही. नियम आमचा आहे.

कॅम्पवर आल्यावर मी म्हणाले, "पाठीवरून गेला." चोवीस ऑक्टोबरला त्याच टॅगवर मी दुसरा नर मारला. मामांनी त्याचे सॉसेज करून सगळ्यांना वाटले.

दिव्याची बॅटरी चाळीस तास चालते असं पाकिटावर लिहिलेलं असतं. मी घरी तीन दिवे लावून ठेवले आणि तपासलं: अडतीस, एक्केचाळीस, साडेबेचाळीस. तरीही आठवड्याभरानं मला दलदलीत तो दिवा दिसला. मग यंदा ऑगस्टमध्ये, मचाणाचे दोर बदलताना. मग परवाच. काजवे म्हणावेत, तर त्यांचा हंगाम संपला होता. कुजक्या लाकडावरची बुरशी उजळते, पण ती चालत नाही. अंतर मोजायचं यंत्र मी त्यावर धरलं. अलीकडचं झाड बावीस यार्ड, पलीकडचं चाळीस. दिव्यावर नुसत्या तीन रेघा येत. परत आलेला किरण यंत्राला सापडला नाही की तशा रेघा येतात.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि आता मामांनी भर दुकानात सांगितलं. उद्या ते दिव्यामागे दलदलीत गेले तर? चौऱ्याहत्तराव्या वर्षी मांडीभर पाण्यातून कुणी एकटं वर येत नाही.

शनिवारी मामांकडे सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापलेला असतो. त्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा ते आंघोळ उरकून लालबुंद होऊन ओसरीवर बसले होते. वेलदोड्याच्या पावाचे दोन तुकडे आणि कॉफी समोर. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं.

"मामा, तो पाठीवरून गेला नव्हता."

"बस आधी."

"फऱ्यावर लागला. मी खोटं बोलले."

त्यांनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, खाल्ला, मिशा पुसल्या. मग आत जाऊन एक काडी घेऊन आले. माझा बाण. पुढचा वीतभर भाग मोडलेला. दांडीवर माझ्याच हातचे रुपेरी आकडे, बाणाचा नंबर आणि वजन: ७, ४०१.२. शेपटाला दिवा, विझलेला.

"नोव्हेंबरात सापडला. बंदुकीच्या हंगामाआधी मी तुझं मचाण बघायला गेलो होतो तेव्हा."

"दहा महिने गप्प बसलात?"

"तू किती महिने गप्प होतीस?"

मी बाणाच्या मोडक्या टोकावरून बोट फिरवलं.

"आज तू दुकानात दोनशे मागितलेस, तेव्हा वाटलं, आता पिकलंय. म्हणून दिव्याची थाप मारली. दिवाबिवा मी काही बघितला नाही. नुसता तुला हलवायला." ते हसले. "कशी दचकलीस! क्लेमचा तराजू पडला असता."

मी हसले नाही. "कुठे सापडला बाण?"

"मचाणापासून चाळीस पावलांवर. एका पडलेल्या ओंडक्याला घासून मोडलेला. दलदल सुरू व्हायच्या अलीकडेच."

"नक्की चाळीस?"

"मी मोजलीत. का गं?"

मी त्यांना सांगितलं. चाळीस पावलांवर बाण मोडून पडला असेल, तर त्या संध्याकाळी अर्धा मैल मी कशाच्या मागे गेले? आणि हा दिवा त्यांच्या फडताळात होता, तर ऑगस्टमध्ये काय चालत होतं?

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी दिव्याचं टोक नखानं दाबून बघितलं. लागला नाही.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"नको बोलूस." बाण बाजूला ठेवत म्हणाले, "यंदाचा तुझा टॅग त्याच नरासाठी. दुसरा समोर येऊन नाचला तरी बाण सोडायचा नाही. कबूल?"

"कबूल."

"आणि शेपटाला दिवा नाही."

मग त्यांनी कॉफीचा जुना डबा आणला. त्यात त्यांची पाती असतात. दोन धारांची, जाड पोलादाची, आता कुणी बनवत नाही अशी. प्रत्येकाच्या गळ्यावर त्यांनी कानशीनं तीन रेघा पाडलेल्या. माझी पाती पातळ तीन धारांची असतात. ती उघड्या मांसातून छान जातात आणि हाडावर चुरमडतात.

"गणित करून बघ," मामा म्हणाले. "मला येत नाही, पण उत्तर ठाऊक आहे."

गणित सोपं होतं. धनुष्य बाणाला ऊर्जा जवळपास तेवढीच देतं. बाण चारशेचा पाचशे ग्रेन झाला, तर वेग अकराएक टक्क्यांनी घटतो, पण संवेग बारा टक्क्यांनी वाढतो, आणि हाडात घुसायला संवेग लागतो. शिवाय वजन पुढे गेल्यामुळे शेपूट मुकाट्यानं टोकामागे येतं. आडवं होऊन जोर वाया घालवत नाही. तोटा एकच. बाण लवकर खाली येतो. म्हणजे लांबून मारायचं नाही, वाट बघायची. मागच्या वर्षी मी जे केलं नव्हतं तेच.

दोन आठवडे मी रोज संध्याकाळी मामांच्या कोठारात चौकटीला ताणलेल्या कागदातून बाण मारले. फाटलेली चीर आडवी आली, की दांडी चुकीची. क्लेमकडून कडक दांड्या आणल्या, अर्ध्या अर्ध्या इंचानं कापल्या. एकदा क्लेम स्वतःच येऊन बघत उभा राहिला.

"एवढी परीक्षा तर लग्नाच्या नवऱ्याचीही घेत नाहीत."

"म्हणूनच तुझं टिकलं," मामा म्हणाले.

शेवटी कागदाला एकच गोल भोक पडलं. ज्या पात्यानं पडलं ते तराजूवर ठेवलं. २००.१. तीन रेघांचं पातं.

हंगाम उघडला. पहिले दहा दिवस मला हवा तो नर आला नाही. दोन माद्या, एक लहान नर. दिवाही नाही. लार्चची पानं पिवळी पडून दलदलीवर गळू लागली. मामा रोज माझ्याबरोबर यायचे. मचाणावर चढणं आता त्यांना जमत नव्हतं. ते मागे दोनशे पावलांवर ओंडक्यावर बसायचे, मांडीवर त्यांचं लाकडी धनुष्य. ते आता शोभेचंच होतं. मी त्यांना ते पूर्ण ओढताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

अकराव्या संध्याकाळी तो आला.

आधी आवाज आला. तीन पावलं आणि एक फरफट. तीन पावलं, फरफट. डावा पुढचा पाय तो टेकवत होता, पण भार देत नव्हता. शिंगांना आठ टोकं, डावं शिंग वाकडं वाढलेलं. शरीराची एक बाजू दुखावली, की शिंगं कधीकधी अशी होतात. खांद्यावर केस नसलेला एक पांढरा ठिपका. मागच्या वर्षी मी अंधुक उजेडात पाहिला होता तो नर एवढाच मोठा होता. मला शंका आली नाही. खरं तर मी शंकेला जागाच ठेवली नाही.

तो बावीस यार्डांवर तिरका थांबला. मी दोरी ओढून धरली आणि थांबले. दोरी सैल सोडावी असं वाटलं तेवढ्यात तो वळला. संपूर्ण आडवा. मी बोटं सोडली.

थाप ऐकू आली नाही. ओल्या कापडातून काठी जावी तसा आवाज आला, आणि बाण पलीकडच्या शेवाळात जाऊन उभा राहिला. नर पन्नास पावलं धावला, दोन सीडरच्या मध्ये थांबला, आणि बसावं तसा खाली बसला. मग मान टेकली.

मी खाली उतरेपर्यंत मामा आले होते.

"गेला?"

"आरपार."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग दोघांनी नर वळवला. डावा खांदा वर घेतला. मामांनी चाकूनं त्या पांढऱ्या ठिपक्यावर चीर दिली. खाली हाडावर सुपारीएवढा गोळा वाढला होता. शरीर आत रुतलेल्या वस्तूभोवती हाडाची पेटी बांधतं, तसा. मामांनी चाकूच्या मुठीनं तो फोडला आणि काळं झालेलं पोलाद माझ्या तळहातावर ठेवलं.

ते जड होतं. हातावर घेताच कळलं, तराजू लागला नाही. धारा दोन होत्या, तीन नव्हत्या. मी अंगठ्यानं त्याचा गळा पुसला.

तीन रेघा.

"मामा, हे आजचं नाही. आजचं तर बाणावर आहे, तिकडे."

मामा गुडघ्यांवर बसले होते तसेच राहिले. पात्याकडे त्यांनी एकदाच बघितलं.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "पूर्ण ओढलंच गेलं नाही. अर्ध्यावर हात सुटला. दोनशे ग्रेन काय, पाचशे असतं तरी हाडावरच थांबलं असतं."

"तुम्ही तर म्हणता, एकही सोडलं नाही."

"म्हणतो."

"मग टॅग?"

"कापला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, कसं झालं. आणि मग म्हणाले असते, म्हाताऱ्या, आता खुंटीला टांग." त्यांचा आवाज कोरडा होता. "तुला शिकवायला मी फार शहाणा. बाण फडताळात ठेवून दहा महिने वाट बघणारा."

त्यांनी खिशातून त्यांचा टॅग काढला, ऑक्टोबरवर एक आणि अकरावर एक अशा दोन चिरा दिल्या आणि दोऱ्यानं नराच्या वाकड्या शिंगाला बांधला.

"मामा, मारला मी. कायद्यानं माझा टॅग लागतो."

"कायद्यानं. हा माझा आहे, सायमी. चार वर्षं माझाच होता." ते सीडरच्या खोडाचा आधार घेत उठले. मग दलदलीकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुझा अजून आत आहे."

मी त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं.

सीडरच्या खोडांमध्ये हिरवा दिवा होता. हरणाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. स्थिर.

"तुम्हाला दिसतोय?" मी विचारलं.

"आज दिसतोय."

मी घड्याळ बघितलं. कायद्यानं बाण सोडायची वेळ संपायला अकरा मिनिटं होती. माझा टॅग खिशात होता, न कापलेला. भात्यात एक बाण उरला होता. तोही मामांच्याच पात्याचा, तोही कागदातून तपासलेला. यापेक्षा जड काही माझ्याकडे नव्हतं. तिथे कशावर नेम धरायचा आणि तिथे हाड आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. तरी मी बाण दोरीला लावला. वर्षभर मी पाठीवरून गेला म्हणत होते. पुन्हा तसं म्हणत घरी जायची माझी तयारी नव्हती.

"थांब," मामा पुटपुटले. "आडवा होईपर्यंत थांब."

डाव्या हातात धनुष्य, उजव्या हातानं मी यंत्र डोळ्याला लावलं. पहिलं खोड, अठरा. मागचं खोड, सव्वीस. दिवा, तीन रेघा, नेहमीसारख्या. मी पुन्हा बटण दाबलं. तीन रेघा.

आतून आवाज आला. तीन पावलं आणि एक फरफट.

मी पुन्हा बटण दाबलं. रेघा गेल्या.

एकतीस.

मामांना सांगायला मी तोंड उघडलं, तोवर एकोणतीस झाले होते.